पिनबॉलच्या पाटाखालचा मॅग्नेट: तार गुंडाळण्यापासून गोळी धरेपर्यंत

'५० किलो धरतो' असं लिहिलेला २४ व्होल्टचा गोल लिफ्टिंग मॅग्नेट आणायचा आणि पिनबॉल मशीनच्या प्लेफील्डखाली, म्हणजे गोळी पळते त्या उतरत्या पाटाखाली, लावायचा, ही या कामातली पहिली आणि जवळपास ठरलेली चूक. आम्हीही तिथूनच सुरुवात केली. जेमतेम ८० ग्रॅमची पोलादी गोळी त्या ५० किलोवाल्यावरून सरळ निघून जाते, खाली काही आहे याचा तिला पत्ताही लागत नाही.

मॅग्नेटवाल्याने फसवलेलं नसतं. ते ५० किलो जाड, सपाट, घासून गुळगुळीत केलेल्या लोखंडी पट्टीला पूर्ण टेकल्यावरचे असतात. असा मॅग्नेट वाटीच्या आकाराचा असतो: मध्ये एक ध्रुव, भोवती लोखंडी कडा हा दुसरा ध्रुव. चुंबकीय रेषा मधून निघतात आणि दोन-चार मिलिमीटर वर जाऊन लगेच कडेत शिरतात. टेकलेली वस्तू घट्ट पकडायला हीच रचना हवी. पिनबॉलमध्ये मात्र गोळी टेकते एकाच बिंदूवर, मध्ये लाकूड किंवा क्लिअर कोट (वरचा पारदर्शक थर) असतो, आणि मुख्य म्हणजे ती दोन-तीन सेंटिमीटर लांब असतानाच तिला ओढ जाणवायला हवी. इथे चिकटवण्याची ताकद उपयोगाची नाही, पल्ला उपयोगाचा. पल्ला मिळतो उघड्या दांड्याच्या गाभ्यातून, ज्याच्या रेषा वर दूरपर्यंत जाऊन बाहेरून वळसा घेऊन परत येतात.

धरून ठेवायला किती जोर लागतो, तेही बघून घ्या. गोळीचा व्यास १ १/१६ इंच, म्हणजे २७ मिमी. प्लेफील्डचा उतार आजच्या मशीनमध्ये साधारण ६.५ अंश. त्या उतारावर ८० ग्रॅमची गोळी खाली सरकते ती फक्त ९ ग्रॅम वजनाएवढ्या जोराने. थांबलेली गोळी धरून ठेवणं म्हणजे पोरखेळ. सगळी मारामारी आहे ती धावती गोळी थांबवण्याची.

हा प्रकार शिकागोच्या कारखान्यांनी घडवला. विल्यम्स कंपनीच्या १९८० सालच्या 'ब्लॅक नाइट' मशीनमध्ये डिझायनर स्टीव्ह रिची याने 'मॅग्ना-सेव्ह' आणला. बाजूच्या गल्लीतून गोळी वाया जायला निघाली, की खेळणाऱ्याने बटण दाबायचं आणि मॅग्नेटने तिला अडवायचं. तिथे गोळी तुलनेने हळू असते आणि वेळ माणूस साधतो, म्हणून ते जमतं. पुढे १९९२ मध्ये पॅट लॉलर या डिझायनरच्या 'ॲडम्स फॅमिली'त तीन मॅग्नेट प्लेफील्डच्या खाली लपवले. वर काहीच दिसत नाही, पण ठरावीक वेळी झटके देऊन ते गोळीची वाट बिघडवतात. तिथे धरायचं नाही, फक्त वाकडं करायचं. या मशीनचे २०,२७० नग निघाले. लगेच १९९३ मध्ये त्याच लॉलरच्या 'ट्वायलाइट झोन'मध्ये वरच्या छोट्या प्लेफील्डवर फ्लिपरच्या (गोळी टोलवणाऱ्या दांड्यांच्या) जागी मॅग्नेट आले, आणि सोबत एक खोडी म्हणून 'पॉवरबॉल' ही सिरॅमिकची पांढरी गोळी. ती हलकी, म्हणून जास्त पळते, आणि मॅग्नेटला अजिबात दाद देत नाही. त्यामुळे कोणती गोळी खेळात आहे हे ओळखायला मशीनला धातू ओळखणारा सेन्सर लावावा लागला. १९९५ च्या 'थिएटर ऑफ मॅजिक'मध्ये जादूगाराच्या पेटीवर गोळी आदळते आणि तिथेच चिकटते.

आम्ही बांधत होतो तो धरणारा प्रकार: प्लेफील्डच्या मधोमध गाभा, त्यावर येऊन थांबणारी गोळी, आणि मग तिला परत भिरकावणं. चार प्रकारांत हाच सगळ्यात नखरेल.

गाभ्यापासून सुरुवात. २५ मिमी व्यासाचा साधा एमएस (माइल्ड स्टील) रॉड, लांबी ५८ मिमी: वरचे १२ मिमी प्लायमध्ये, मग बॉबिनची (तार गुंडाळायच्या रिळाची) वरची चकती ३ मिमी, वाइंडिंगची जागा ४० मिमी आणि खालची चकती ३ मिमी. खालच्या तोंडात एम-८ चा आटा, १५ मिमी खोल. टर्नरला 'चांगलं मटेरियल घाल' असं मुळीच सांगू नका. तो प्रेमाने ईएन-८ किंवा ईएन-३१ घालेल, आणि ते पोलाद वीज बंद केल्यावरही चुंबक होऊन बसेल. ३०४ स्टेनलेस तर बिनकामाचं, चुंबकत्व त्यातून धड जातच नाही. साधा ब्राइट बारसुद्धा थंड ओढून काढलेला असतो, त्यामुळे थोडा ताठ, चुंबकत्व धरून ठेवणारा. तोंडं कापून झाल्यावर तो लालभडक तापवून राखेत किंवा कोरड्या चुन्यात रात्रभर निवू द्यायचा. मग वरचं तोंड पुन्हा एकदा हलकं फेस करून घ्यायचं, कारण तापवल्यावर खपली धरते. ही पायरी गाळली, की वीज बंद झाल्यावर गोळी गाभ्यावर क्षणभर रेंगाळते आणि मगच घरंगळते. खेळणाऱ्याला ते लगेच कळतं.

बॉबिनला १.५ मिमी जाडीची फायबरची नळी, आतून २५ आणि बाहेरून २८ मिमी, आणि ३ मिमी हायलम (वीजरोधक) शीटच्या ६० मिमी व्यासाच्या दोन चकत्या. थ्रीडी प्रिंट केलेलं पीएलए प्लास्टिकचं बॉबिन दिसायला देखणं, पण ६० अंशांच्या आसपास ते लोण्यासारखं वाकतं. एकदा चकती वाकली, की तारेचे बाहेरचे थर घसरतात आणि सगळं उलगडून पुन्हा करावं लागतं.

तार २२ गेजची, म्हणजे ०.७१ मिमी, सुपर इनॅमल. मोटार वाइंडिंगच्या दुकानात ती किलोवर मिळते, इथे सुमारे ३५० ग्रॅम लागते. अर्धा किलो घ्या, हाताने गुंडाळताना एखादी तार तुटतेच. वाइंडिंगची खोली १४ मिमी धरली, तर एका वेढ्याची सरासरी लांबी १३२ मिमी होते. कागदावर ९०० वेढे बसतात, हाताने ७५० बसले तर समाधान मानायचं. त्याची एकूण लांबी ९९ मीटर आणि थंड रोध ४.३ ओम. दर तीन-चार थरांनंतर एक मायलर पेपर, शेवटी एअर-ड्राय वॉर्निश. वॉर्निश टाळलं तर कॉइल गुणगुणते, आणि गुणगुणणं म्हणजे तारा एकमेकींवर घासणं.

मल्टिमीटरने मोजताना आधी प्रोब एकमेकांना टेकवून त्यांचाच रोध बघा आणि तो वजा करा. चार ओमच्या मोजमापात प्रोबचे ०.३ ओम कमी नसतात. आकडा ३.५ च्या खाली आला, तर वेढे मोजण्यात घोळ आहे किंवा मध्ये कुठे इनॅमल खरवडून शॉर्ट आहे.

४८ व्होल्टवर या कॉइलमधून ११ अँपिअर जातात, म्हणजे ५३५ वॉट. सव्वातीनशे-साडेतीनशे ग्रॅम तांब्यात एवढी वीज कोंडली, तर तापमान दर सेकंदाला जवळजवळ ४ अंशांनी चढतं. अर्धा मिनिट चालू राहिली, की शंभराच्या वर. पिनबॉलचा मॅग्नेट क्षणभराचा पाहुणा आहे, हे या एका आकड्यावरून ठरतं. म्हणून पूर्ण ताकद फक्त पकडीच्या वेळी, आणि धरून ठेवताना चौथाई. २५ टक्के पीडब्ल्यूएमवर (म्हणजे वीज भराभर चालू-बंद करून फक्त पाव वेळ चालू ठेवली, की) प्रवाह २.८ अँपिअर राहतो आणि उष्णता ३३ वॉटवर येते, म्हणजे चार सेकंदाला एक अंश. गोळी ९ ग्रॅमच्या जोराने सरकते हे आठवा. एवढी ओढ पुरून उरते.

प्लेफील्डला भोक पाडायचे दोन मार्ग. गाभा वर दिसू द्यायचा असेल तर आरपार भोक. आधी मध्यावर ३ मिमीचं पायलट भोक आरपार, मग वरून २५.५ मिमीच्या कटरने दोन मिलिमीटर खोल, आणि उरलेलं खालून. वरून एकदम आरपार नेलं तर खालचा थर फाटतो. खालून एकदम वर आणलं तर वरचा रंग आणि क्लिअर कोट फाटतो, आणि तो परत येत नाही. लपवायचा असेल तर खालूनच खणायचं आणि वर २.५ मिमी लाकूड राखायचं. १२ मिमी प्लायमध्ये ते साधारण दोन थर होतात. लोभाने एकच थर ठेवलात, तर गोळी आपटून तो रेषेत चिरतो. उभे-आडवे दोन थर मिळून टिकतात. पूर्ण १२ मिमी प्लाय मध्ये ठेवून मात्र धरायची अपेक्षा करू नका. तिथून गोळी फक्त वळते, तीही हळू असेल तर.

आम्ही आरपार भोक घेतलं. आता उंचीचा प्रश्न. गाभ्याचं तोंड प्लेफील्डच्या पातळीत हवं. दोन दशांश मिलिमीटर वर राहिलं तर वेगातली गोळी तिथे टुणकन उडते. तेवढंच खाली राहिलं तर गोळी खळग्यात डचमळते आणि मॅग्नेट बंद असतानाही तिची वाट बदलते. त्यासाठी खाली ८० बाय ८० मिमीची, ५ मिमी जाड एमएस प्लेट घेतली. गाभा तिला एम-८ बोल्टने आवळला आणि ती प्लेट चार कोपऱ्यांत एम-५ च्या पितळी स्टडवर डबल नटांनी टांगली. एम-५ चा आटा ०.८ मिमीचा असतो, म्हणजे नट पाव फेरा फिरवला की प्लेट ०.२ मिमी सरकते. चारही नट सारखे फिरवले तर उंची बदलते, एकाच बाजूचे फिरवले तर कल. वर स्टीलची पट्टी आडवी धरायची, मागे टॉर्च लावायचा, फट दिसली की नट. पितळ यासाठी, की लोखंडी स्टड रेषांना जवळचा परतीचा रस्ता देतात आणि पल्ला खातात. याच कारणाने गाभ्याच्या आसपास प्लेफील्डवरचे पोस्ट आणि स्क्रूही पितळी किंवा ३०४ स्टेनलेसचे घ्या. लोखंडी स्क्रू हळूहळू स्वतःच चुंबक होतात आणि गोळीला चोरून ओढायला लागतात.

खालची प्लेट मात्र लोखंडीच हवी. खालच्या ध्रुवाकडचा रस्ता ती सोपा करते आणि त्याच प्रवाहात वर जास्त जोर मिळतो. तिच्या कडा वर वळवून वाटी करायचा मोह आवरा. वाटी केली, की आपण पुन्हा त्या ५० किलोवाल्याकडे आलो.

विजेची बाजू. कॉइल चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच म्हणजे मॉसफेट, आयआरएल ५४० एन. मधलं अक्षर 'एफ' असलेला आयआरएफ ५४० एन दुकानदार 'तोच आहे' म्हणून देतो. तो तोच नाही. त्याचं गेट (चालू करायचा सिग्नल घेणारी पिन) पूर्ण उघडायला १० व्होल्ट लागतात. आर्डुइनो या कंट्रोलर बोर्डाच्या ५ व्होल्टवर तो अर्धवट उघडतो, ११ अँपिअर अडवतो आणि दोन-चार पकडींत वास सोडतो. 'एल'वाला ५ व्होल्टवर उघडतो. गेटला १०० ओम मालिकेत, आणि गेट ते ग्राउंड १० किलोओम. हा दुसरा रेझिस्टर क्षुल्लक दिसतो, पण मशीन चालू करताना कंट्रोलरच्या पिना काही क्षण अधांतरी असतात. त्या वेळी गेट खाली ओढून धरणारं कोणी नसेल, तर मॅग्नेट आपणहून पेटतो.

कॉइलला उलटा डायोड हवाच. तो नसेल तर प्रवाह तुटताना शेकडो व्होल्टचा फटका बसतो आणि मॉसफेट जागीच जातो. सवयीने लोक १एन ४००७ लावतात. तो १ अँपिअरचा. धरून ठेवण्याच्या अवस्थेत, मॉसफेट बंद असलेला तीन चतुर्थांश वेळ प्रवाह याच डायोडमधून फिरतो, सरासरी २ अँपिअरच्या वर. त्याचे पाय आधी काळे पडतात, मग तो जातो, आणि पाठोपाठ मॉसफेट. एमबीआर २०१०० हा १०० व्होल्टचा, २० अँपिअरचा शॉट्की डायोड लावला की प्रश्न मिटतो.

फ्यूज ४ अँपिअरचा, स्लो-ब्लो. ११ अँपिअर वाहतात तिथे ४ चा फ्यूज वाचून लोक बुचकळ्यात पडतात. पण स्लो-ब्लो फ्यूज आपल्या पावणेतीनपट प्रवाहावर ०.६ ते १० सेकंदांच्या दरम्यान वितळतो. आपली पकड ०.३ सेकंदाची, म्हणून तो टिकतो. मॉसफेट मेला तर तो बहुतेक वेळा शॉर्ट होऊन मरतो, म्हणजे मॅग्नेट कायम चालू. तेव्हा १० सेकंदांच्या आत फ्यूज गेला, तर कॉइल फार तर ४० अंश तापलेली असते. ५ चा घातला तर तोच फ्यूज अर्धा-पाऊण मिनिटही तग धरू शकतो. 'सारखा फ्यूज उडतो म्हणून मोठा घातला' ही वाक्यरचना जळक्या प्लेफील्डच्या गोष्टींत हमखास सापडते.

कॉइलच्या अंगाला एक थर्मल स्विचही बांधला, तापल्यावर उघडणारा. तो कॉइलच्या तारेत घालायचा नाही. ४८ व्होल्ट डीसी तोडताना त्याच्या कॉन्टॅक्टवर ठिणगी टिकते आणि ते वेल्ड होतात. गेटकडे जाणाऱ्या सिग्नलमध्ये घाला, तिथे काही मिलिअँपिअरच असतात.

पॉवर सप्लायचा घोळ इथे सगळ्यांचा होतो. ४८ व्होल्ट १० अँपिअरचा एसएमपीएस (स्विचिंग पॉवर सप्लाय) ११ अँपिअरला उचकी देतो, आणि त्याच क्षणी फ्लिपर मारला तर फ्लिपर मऊ पडतो. लक्षण असं दिसतं की 'मॅग्नेट चालू असताना फ्लिपर कमजोर'. लोक मग फ्लिपरच्या कॉइलच्या मागे लागतात. १०,००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर काही दहा-वीस मिलिसेकंदांची तूट भरतो, ३०० ची नाही. मॅग्नेटला वेगळा सप्लाय हाच खरा इलाज. ते जमत नसेल तर पकडीची ताकद ८० टक्क्यांवर आणा. कपॅसिटर लावलाच, तर ६३ व्होल्टचा घ्या आणि त्याच्यावर २.२ किलोओम २ वॉटचा रेझिस्टर कायम ठेवा, म्हणजे मशीन बंद केल्यावर तो भरलेला राहणार नाही. कॉइलच्या दोन तारा १.५ चौरस मिमीच्या, एकमेकींना पीळ दिलेल्या, आणि त्यांचं ग्राउंड कंट्रोलरच्या ग्राउंडला थेट सप्लायपाशीच भेटू द्या. वाटेत कुठे भेटलं, तर पकडीच्या क्षणी कंट्रोलर रीसेट होतो किंवा नसलेले स्विच दाबले गेल्याचं दिसतं.

इथवर सगळं कारागिरीचं काम झालं. गोळी धरली जाते की नाही, ते पुढच्या काही मिलिसेकंदांत ठरतं.

गाभा घातल्यावर या कॉइलचं इंडक्टन्स, म्हणजे प्रवाह बदलायला होणारा विरोध, ४०-५० मिलिहेन्रीच्या घरात जातं. म्हणजे स्विच चालू केल्यापासून प्रवाह दोन-तृतीयांशापर्यंत चढायला दहा-अकरा मिलिसेकंद, आणि पुरता चढायला तीस. दुसरीकडे सेकंदाला २ मीटर वेगाची गोळी २५ मिलिसेकंदांत ५० मिमी पुढे जाते. सेन्सर गाभ्याला खेटून लावला, तर मॅग्नेट जागा होईपर्यंत पाहुणा गेलेला असतो. म्हणून सेन्सर बराच अलीकडे लावायचा आणि मॅग्नेट आधीच पूर्ण पेटवून ठेवायचा, असं सुचतं. आम्हीही तेच केलं, ७० मिमी अलीकडे. परिणाम उलटा. गोळी आधी सुसाट वेगाने गाभ्याकडे धावायची आणि तशीच पलीकडे जायची.

कारण साधं आहे. पेटलेला मॅग्नेट म्हणजे प्लेफील्डमधली एक अदृश्य वाटी. वाटीत उतरताना गोळीचा वेग वाढतो, चढताना तेवढाच कमी होतो. जेवढं मिळालं तेवढं परत दिलं, आणि गोळी मूळ वेगाने बाहेर. अडकण्यासाठी येताना ओढ कमी आणि जाताना जास्त हवी. म्हणजे गोळी गाभ्यावर पोचते त्याच वेळी प्रवाह चढत असला पाहिजे. वाटी गोळीच्या पायाखाली खणायची, तिच्या पुढे नाही.

यावर जमलेला मेळ असा: सेन्सर गाभ्याच्या मध्यापासून ४० मिमी अलीकडे, आणि स्विच लागल्यावर १० मिलिसेकंद थांबून मॅग्नेट चालू. २ मीटर वेगाची गोळी तेव्हा २० मिमी अलीकडे असते, आणि ती मध्यावर येते तेव्हा प्रवाह साधारण ६० टक्क्यांवर असतो. पुढचे २० मिमी ती ओलांडू बघते तेव्हा तो ८५ च्या पुढे. हळू गोळीसाठी हे मोजमाप चुकतं, ती यायच्या आधीच मॅग्नेट भरलेला असतो. पण तिच्याकडे शिल्लक ऊर्जाच थोडी. गाभ्यावर दाबली गेली की घर्षणातच ती अडकते. सेकंदाला ३ मीटरच्या वरची गोळी धरण्याचा नाद सोडा. फार तर ती वाकडी होते. ओळीत दोन सेन्सर लावून वेग मोजायचा आणि थांबण्याचा काळ त्यावरून ठरवायचा, हा पुढचा टप्पा. पण एका स्विचवरही दहातल्या सात-आठ गोळ्या थांबतात, आणि खेळ म्हणून तेवढं पुरे वाटतं.

सेन्सर म्हणून आम्ही फटीतून वर येणारा वायर रोलओव्हर घेतला. इंडक्टिव्ह प्रॉक्सिमिटी सेन्सर नीटस दिसतो, पण एम-१८ चा पल्ला ८ मिमीच्या आसपास असतो, १२ मिमी प्लायमधून त्याला काही कळत नाही. खाली खळगा करून बसवावा, तर गाभ्याजवळ तो गाभ्यालाच गोळी समजतो. चुंबकानेच चालणारा रीड स्विच तर मॅग्नेटच्या शेजारी अजिबात नको. कंट्रोलर स्विच दर ५ मिलिसेकंदांनी वाचत असेल, तर आपल्या १० मिलिसेकंदांच्या हिशोबात तेवढा डळमळीतपणा आयता येतो. म्हणून हा नियम मुख्य संगणकावर नको, कॉइल चालवणाऱ्या ड्रायव्हर बोर्डावरच लिहा. प्रोग्राम अडकला तरी मॅग्नेट वेळेवर बंद करणारा टायमरही तिथेच.

पकड ३०० मिलिसेकंद पूर्ण ताकदीने. त्या काळात गोळी गाभ्याभोवती डोलते, कधी गोल फिरते. मग २५ टक्के. पूर्ण ताकद जास्त वेळ ठेवली की डोलणं थांबायला उलट उशीर होतो, म्हणून तिनशेच्या पुढे जाण्यात फायदा नाही. पीडब्ल्यूएम ५०० हर्ट्झवर गोळी डासासारखी गुणगुणते. २ किलोहर्ट्झवर आवाज बारीक होतो. २० किलोहर्ट्झला तो ऐकूच येत नाही, पण मग गेटला वेगळी ड्रायव्हर आयसी लागते.

सोडणं वाटतं तितकं सोपं नाही. डायोडमधून प्रवाह लगेच मरत नाही, तीस-चाळीस मिलिसेकंद रेंगाळतो, आणि तोवर गोळीला हलका हिसका बसून ती डावी-उजवीकडे कलते. दर वेळी ती एकाच बाजूला जात असेल तर मात्र दोष प्रवाहाचा नाही, गाभ्याचा कल बघा.

भिरकावण्याची युक्ती या सगळ्यात देखणी. मॅग्नेट बंद करायचा, गोळीला थोडं घरंगळू द्यायचं, आणि मग एक छोटा पूर्ण झटका द्यायचा. ६.५ अंशांवर घरंगळणाऱ्या गोळीचं त्वरण ०.७९ मीटर प्रति सेकंद प्रति सेकंद, म्हणजे २५० मिलिसेकंदांत ती बरोबर २५ मिमी खाली येते. प्रवाह मरायचे ४० धरून आम्ही २९० ठेवले. तिथे ५० मिलिसेकंदांचा झटका दिला, की ती वर ओढली जाते आणि मध्यावर पोचायच्या आत ओढ संपते. मग ती गाभा ओलांडून वरच्या दिशेने सुटते. झटका ७० केला तर ती परत अडकते, ३० केला तर फक्त दचकते. पायथनमधल्या 'मिशन पिनबॉल फ्रेमवर्क' या मुक्त प्रणालीत पकड, सोडणं आणि भिरकावणं हे तिन्ही तयार मिळतं, वेळेचे आकडे तेवढे आपले भरायचे.

आणि हे आकडे तापल्यावर बदलतात. कॉइल २० वरून ८० अंशांवर गेली की रोध ४.३ चा ५.३ ओम होतो, प्रवाह ९ अँपिअरवर येतो आणि ओढ जवळपास एक-तृतीयांश घटते. थंड मशीनवर लावलेला मेळ अर्ध्या तासाच्या खेळात बिघडतो. म्हणून शेवटचं जुळवणं गरम मशीनवर करा, आणि थंड असताना गोळी थोडी जास्त जोरात उडाली तर उडू द्या.

आठवड्याभराच्या खेळानंतरच्या तक्रारी वेगळ्याच असतात. पहिली: ट्रफमध्ये (गोळ्या जमा होतात त्या पन्हळीत) दोन गोळ्या एकमेकींना चिकटून राहतात, मशीनला वाटतं एक गोळी हरवली. गोळ्या चुंबक झालेल्या असतात. बेअरिंगच्या गोळ्या वापरल्या तर हे लवकर होतं, कारण त्या ईएन-३१ च्या, म्हणजे गाभ्यासाठी आपण नाकारलेल्याच पोलादाच्या. पिनबॉलसाठीच्या कार्बन स्टीलच्या गोळ्या उशिरा चुंबक होतात. तपासायला स्टेपलरची पिन पुरते: गोळीला लटकली, तर गोळी बाद. घरगुती विजेवरच्या डीगॉसिंग (चुंबकत्व उतरवणाऱ्या) कॉइलमधून ती फिरवत हळूहळू हातभर लांब नेली की चुंबकत्व उतरतं. गोळी जवळ असतानाच कॉइल बंद करू नका, नाहीतर आधीपेक्षा जास्त होऊन बसते.

दुसरी तक्रार गाभ्याभोवतीच्या काळ्या कड्याची. गोळ्यांच्या आणि रेल्सच्या घर्षणातली लोखंडी भुकटी तिथे गोळा होते, आणि गोळी तिच्यावर घासून क्लिअर कोटला ओरखडे काढते. फडक्याने पुसू नका, भुकटी फिरते आणि तीच घासते. चिकटपट्टी टेकवून उचलायची. भोकाच्या कडेचा क्लिअर कोट टवके सोडायला लागतो, म्हणून सुरुवातीलाच गाभ्यासकट झाकणारी मायलरची ४० मिमीची चकती लावून टाका. तिच्या दशांशभर जाडीने ओढ कळण्याइतकी कमी होत नाही, आणि ती दर काही महिन्यांनी बदलता येते. बदलताना खालचे चार एम-५ नटही एकदा बघून घ्या. गोळीच्या ठोक्यांनी गाभा खाली बसतो, आणि पहिला सैल होतो तो खेळणाऱ्याच्या बाजूचा नट.